भिगवणला शनिवार-रविवार पक्षी बघायला: कधी जावं, होडी कुठून, काय काय लागेल?

चहा_बिस्कीट | १४ ऑक्टोबर, रात्री ९:३५
पुण्याहून सहा जण, एक मोठी गाडी, एक रात्र मुक्काम. दोन दुर्बिणी आहेत (८×४२ आणि १०×५०), एक कॅमेरा, ४०० पर्यंतची लेन्स. सहापैकी तिघांना बगळा, खंड्या आणि टिटवी यापलीकडे काही ओळखता येत नाही. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दिसलेच पाहिजेत असा आग्रह आहे. पक्षी सप्ताहात, ५ ते १२ नोव्हेंबरच्या मधल्या शनिवार-रविवारी जायचं ठरतंय. होडी, रस्ता, राहणं, सगळंच सांगा.

भीमाकाठ | १४ ऑक्टोबर, रात्री १०:२०
पक्षी सप्ताह आणि रोहित हे गणित उजनीवर (भिगवणजवळचं भीमेवरचं धरण) जुळत नाही. सप्ताह मारुती चितमपल्लींच्या (५ नोव्हेंबर) आणि सलीम अलींच्या (१२ नोव्हेंबर) वाढदिवसांवरून ठरलाय, धरणाला विचारून नाही. त्या आठवड्यात चांगल्या पावसाच्या वर्षी उजनी काठोकाठ असते. पाणी बाभळींच्या बुंध्याला टेकलेलं आणि उथळ जागा जवळपास नाहीच. रोहित हा उभं राहून खाणारा पक्षी. गुडघा ते पोट एवढ्या पाण्यात डोकं उलटं घालून तो तळाचा गाळ चाळतो. खोल पाण्यात त्याला पोहता येतं, पण मग गाळापर्यंत चोच पोचत नाही.

म्हणून भिगवणला जाताना कॅलेंडर नंतर, आधी धरणाची टक्केवारी बघायची. सोलापूरच्या पेपरात रोज येते. फक्त ती वाचायची कशी ते समजून घ्या. उजनीत एकूण साधारण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्यातलं साडेत्रेपन्नच्या आसपास उपयुक्त, बाकी साडेत्रेसष्टच्या आसपास मृत साठा, म्हणजे नेहमीच्या वापराबाहेरचं तळाचं पाणी. बातमीतली टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची असते. म्हणजे 'उजनी शून्यावर' या बातमीच्या दिवशीही निम्म्याहून जास्त पाणी धरणात असतं, आणि त्याखाली गेलं की 'वजा' टक्के सुरू होतात. मृत पातळी ४९१.०३ मीटर, पूर्ण पातळी ४९६.८३. सगळा खेळ या पावणेसहा मीटरचा.

माझा अंदाज असा. नव्वदच्या वर असेल तर रोहितांसाठी जाऊ नका. सत्तर ते वीसच्या दरम्यान सगळ्यात मजा: काठालगत उथळ पट्टे उघडे पडतात, थवे होडीच्या टप्प्यात असतात आणि होडीही घाटालाच लागते. शून्याखाली थवे मोठे दिसतील, पण पाणी गावापासून लांब सरकलेलं असतं आणि मधला गाळ पायी ओलांडता येत नाही. कालव्याचं आवर्तन (शेतीसाठी पाणी सोडायची पाळी) सुटलं की पातळी भराभर उतरते, ताजा चिखल उघडा पडतो. त्यानंतरचे आठ-दहा दिवस सोन्यासारखे.

ठोकळ मानाने जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चची सुरुवात. पण दरवर्षी तेच धरून चालू नका. २०२३ च्या पावसाळ्यात धरण साठ टक्क्यांच्या आसपासच भरलं, आणि २०२४ च्या जानेवारीतच पाणी मृत साठ्यात गेलं. त्या वर्षी ज्यांनी सवयीने फेब्रुवारीअखेर धरली, त्यांना चिखलच जास्त दिसला.

चहा_बिस्कीट | १४ ऑक्टोबर, रात्री १०:४१
अरे बापरे. म्हणजे नोव्हेंबर रद्द? सगळ्यांची सुट्टी जमवलीय हो.

माळावरचा | १४ ऑक्टोबर, रात्री ११:०५
रद्द कशाला, दिशा बदला. नोव्हेंबरात कडबनवाडीचं गवताळ रान बघा, तेही इंदापूर तालुक्यातच. माळ तेव्हा नुकता पिवळा पडायला लागलेला असतो आणि भोवत्ये (हॅरियर) उतरलेले असतात. पाणपक्ष्यांसाठी जानेवारीत पुन्हा या. दोन्ही एका फेरीत उरकायचं असेल तर जानेवारीच धरा. माळाचं मी खाली सविस्तर लिहितो, आधी पाण्याचं होऊ द्या.

सायंकाळ | १५ ऑक्टोबर, सकाळी ७:५०
रोहित सैबेरियातून येतात ना? मग थंडी पडल्यावरच येणार, पाण्याचा काय संबंध?

कापशी | १५ ऑक्टोबर, सकाळी ८:३०
सैबेरिया नाही. आपल्याकडच्या रोहितांची विणीची मोठी जागा कच्छच्या रणात आहे. पाऊस बरा झाला की तिथे मातीची घरटी करून पिल्लं वाढवतात आणि मग उथळ पाणी शोधत पसरतात. त्यामुळे त्यांचं येणं थंडीपेक्षा पाण्यावर ठरतं. खरोखर लांबून, हिमालय ओलांडून येतात ते पट्टकादंब (बार-हेडेड गूज). डोक्यावर मागच्या बाजूने दोन काळे पट्टे, ओळखायला सोपे. मंगोलिया-तिबेटकडून येतात. गावातले लोक त्यांना राजहंस म्हणतात.

आणि ठाण्याच्या खाडीतले रोहित बघून आलेल्यांसाठी: तिकडे छोटा रोहित जास्त, भिगवणला बहुतेक मोठा रोहित. मोठ्याची चोच फिकट गुलाबी, टोक काळं. छोट्याची चोच जवळजवळ सगळीच गडद. अन्नही वेगळं. छोटा नीलहरित शेवाळ गाळून खातो, मोठा गाळातले किडे, अळ्या, शिंपले. थव्यात मळकट राखी-तपकिरी पक्षी दिसले तर ती पिल्लं. गुलाबी रंग अन्नातून येतो आणि पूर्ण चढायला काही वर्षं लागतात. 'हे आजारी आहेत का' असा प्रश्न होडीत दर वेळी निघतोच.

भीमाकाठ | १५ ऑक्टोबर, सकाळी ९:१५
आता जागा. 'भिगवण' म्हणून सगळे निघतात, पण भिगवण गावात बघण्यासारखं फारसं नाही. होडीसाठी कुंभारगाव किंवा डिकसळ. रोहितांसाठी कुंभारगावची बाजू, बदकं आणि बुडक्या झाडांवरचे पाणकावळे-बगळे यासाठी डिकसळकडचं पाणी. दोन्हीकडे स्थानिक मच्छीमारच होड्या चालवतात आणि रोज पाण्यावर असल्यामुळे काल थवा कुठे होता ते त्यांना नेमकं ठाऊक असतं. दर माणशी नसून होडीमागे असतो. किती वेळाचे पैसे ते आधी बोलून घ्या, दीड तास की दोन.

सहा जण एका होडीत बसतात, पण बसू नका. दोन होड्या करा, तीन-तीन. कारण उघड आहे: सहा जणांत कोणीतरी एक उभा राहतो, होडी डुलते, सगळ्यांच्या दुर्बिणी हलतात. शिवाय एकीकडे पक्षी दिसला की सगळे त्या कडेला झुकतात. होड्या सपाट तळाच्या, झुकल्या की पाणी आत.

लाइफ जॅकेट घालायचं, बुडाखाली उशी म्हणून घ्यायचं नाही. २१ मे २०२४ ला याच पाण्यावर, कुगाव ते कळाशीच्या दरम्यान, संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जण बुडाले. हिवाळ्यात सकाळचं पाणी काचेसारखं असतं, पण अकराच्या सुमाराला वारा उठतो आणि लाटा तिरक्या येतात. नऊ-साडेनऊपर्यंत परत काठाला लागायचं.

रस्सा_भाकरी | १५ ऑक्टोबर, सकाळी ११:०२
हडपसरहून पहाटे चारला निघा. सोलापूर रस्ता, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत, पाटस, कुरकुंभ, भिगवण. शंभर किलोमीटरच्या आसपास, दोन तास धरा. जानेवारीत हा रस्ता उसाचा असतो. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ऊस ट्रॉलीच्या बाहेर हातभर लोंबलेला. धुकं असेल तर तो शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. डावी लेन मोकळी वाटली तरी वेग आवरा. शक्य असेल तर शुक्रवारी रात्रीच पोचून मुक्काम करा, पहाटेची धावपळ आणि हा धोका दोन्ही टळतील.

राहायला कुंभारगावात होडीवाल्यांच्याच घरी सोय होते. जेवणात चिलापी (तिलापिया मासा). तळलेली मागवा, रश्श्यात काटे काढता काढता ऊन डोक्यावर येतं. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशी सांगा: पिठलं, भाकरी, ठेचा, मटकीची उसळ. ऐन वेळी मागितलं तर मिळेल, पण होडीची वेळ जाईल. संध्याकाळी दिव्याखाली जेवायला बसू नका. पाण्याकाठी चिलटांचे ढग असतात आणि ते थेट ताटात. दिवा दहा-बारा फुटांवर लावून अंधुक उजेडात बसायचं.

कापशी | १५ ऑक्टोबर, दुपारी १:४०
दुर्बिणींबद्दल. ८×४२ होडीत न्या, १०×५० काठावर ठेवा. दहापट म्हटल्यावर हाताचं थरथरणंही दहापट दिसतं. होडीत ते असह्य होतं आणि अर्ध्या तासात डोकं दुखतं. उजेडाचा हिशोब: भिंगाचा व्यास भागिले पट. ८×४२ ची बाहुली (डोळ्याशी येणारं उजेडाचं वर्तुळ) सव्वापाच मिलिमीटर, १०×५० ची पाच. म्हणजे पहाटेच्या उजेडात फरक नगण्य, वजन मात्र १०×५० चं जास्त.

तिघं नवखे आहेत, तर त्यांना आदल्या संध्याकाळीच दुर्बीण लावून द्या. होडीत शिकवत बसलात तर पक्षी उडालेला असतो. आधी दोन नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ होईल तिथे थांबा. मग उजव्या भिंगावर हात ठेवून डाव्या डोळ्याने लांबची पाटी बघा आणि मधलं चाक फिरवून स्पष्ट करा. आता डावं भिंग झाकून तीच पाटी उजव्या डोळ्याने बघा. मधल्या चाकाला हात लावायचा नाही, फक्त उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवायची. ती कडी कुठे आली ते लक्षात ठेवा, दुर्बीण दुसऱ्याकडे गेली की बिघडते. चष्मेवाल्यांनी रबरी कप खाली दुमडायचे, नाहीतर कडेला काळं वर्तुळ दिसतं आणि दुर्बीणच खराब आहे असं वाटतं.

पक्षी सापडत नाही ही नवख्यांची खरी तक्रार असते. डोळे पक्ष्यावरून हलवायचे नाहीत, दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. लोक आधी दुर्बीण लावतात आणि मग तळ्यात पक्षी शोधत फिरतात.

लेन्सकॅप | १५ ऑक्टोबर, दुपारी ३:१०
कॅमेऱ्याचं मी सांगतो. गाडीत एसी लावून आलात आणि काठावर पिशवी उघडली तर लेन्सवर दव बसतं, पहिली वीस मिनिटं वाया. शेवटचे पाच-सात किलोमीटर एसी बंद, काचा खाली.

होडीतून शटर १/१६०० च्या खाली आणू नका, उडणाऱ्यासाठी १/२०००. आयएसओ ऑटोवर. रोहित उन्हात पांढरे पडतात आणि पंखातला गुलाबी रंग फोटोत धुऊन जातो, म्हणून एक्स्पोजर उणे ०.३ ते ०.७. उडताना मागे उजळ आकाश आलं की उलट, अधिक ०.७. ही अदलाबदल विसरली की हमखास सगळा संच बाद.

उजेडाची दिशा महत्त्वाची. कुंभारगावचा काठ भीमेच्या उजव्या तीराला. सकाळी काठावरून पाण्याकडे बघितलं तर सूर्य तोंडावर येतो आणि सगळे पक्षी काळ्या कागदाचे दिसतात. होडीवाल्याला सांगा, आधी वळसा घालून थव्याच्या पलीकडे न्या, मग हळूहळू जवळ. पाच वाजल्यानंतर उलट: ऊन पाठीशी, काठावरच बसा, होडीची गरज नाही.

खंड्या७२ | १५ ऑक्टोबर, दुपारी ४:००
होडीवाले शेव-गाठी टाकून कुरव (गल) जवळ बोलवतात, झकास फोटो मिळतात. तेही करून बघा.

गणतीवाली | १५ ऑक्टोबर, दुपारी ४:३२
नका करू. कुरवांच्या पोटात तेल-मीठ जातं हा एक भाग. दुसरा असा की होडी दिसली की ते मासे सोडून तुमच्याच मागे येतात. होडीवाल्याला आधीच सांगितलंत की खाऊ नको, तर तोही टाकत नाही. गिऱ्हाईक खूश होतं म्हणून टाकतो बिचारा.

त्यापेक्षा कुरव ओळखा, तेवढाच वेळ सत्कारणी. हिवाळ्यात दोघांच्याही डोक्याचा रंग गेलेला असतो, डोळ्यामागे फक्त काळा ठिपका. पंखाचं टोक बघायचं. काळ्या टोकात पांढरे ठसठशीत डाग आणि डोळा फिकट, तर तपकिरी डोक्याचा. पंखाच्या पुढच्या कडेला पांढरी पाचर आणि डोळा गडद, तर काळ्या डोक्याचा. दोघांपेक्षा खूप मोठा, पिवळ्या चोचीच्या टोकाला काळा पट्टा, तो पलास गल.

भीमाकाठ | १५ ऑक्टोबर, संध्या. ६:१५
होडी थव्याजवळ नेणं हा स्वतंत्र विषय, आणि इथेच बहुतेक सहली बिघडतात.

थवा खात असतो तेव्हा माना खाली असतात. नीट बघितलं तर एखादा पक्षी एकाच जागी पाय आपटत गोल फिरतो, गाळ ढवळून वर आणतो आणि मग उलटी चोच त्यात धरतो. जीभ पंपासारखी मागे-पुढे होते, चोचीच्या कडेने पाण्याची बारीक चिळकांडी निघत राहते. शांत सकाळी थव्याची बदकासारखी घोगरी कुजबुज काठापर्यंत ऐकू येते. हे सगळं बघायला मिळतं ते शंभर-दीडशे मीटरवर, दुर्बिणीतून.

जवळ गेलात की पहिली खूण: काठच्या दोन-चार पक्ष्यांच्या माना सरळ उभ्या. दुसरी: सगळा थवा एकाच दिशेने चालू लागतो, संचलनासारखा. तिथेच थांबायचं. तिसरी खूण म्हणजे पाण्यावर धावणं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. जड पक्षी, धावल्याशिवाय उठता येत नाही. प्रत्येक उड्डाणात पोटातलं खाणं खर्ची पडतं. एका सकाळी दहा होड्यांनी दहा वेळा उठवलं तर तो थवा दुपारी पलीकडच्या तीराला गेलेला सापडेल.

करायचं ते असं: दोनशे मीटरवर इंजिन बंद, पुढे बांबूने ढकलत, तेही सरळ अंगावर न जाता तिरकं. मान वर झाली की बांबू खाली. पाच मिनिटांत माना परत खाली जातात आणि कधी कधी थवाच खात खात तुमच्याकडे सरकतो. 'एकदा उडवा ना, फोटो पाहिजे' ही फर्माईश करणाऱ्याला दुसऱ्या होडीत बसवा.

लेन्सकॅप | १५ ऑक्टोबर, संध्या. ६:४०
तिसऱ्या होडीत. दुसरीत मी आहे.

कापशी | १५ ऑक्टोबर, रात्री ८:०५
रोहित सोडून काय बघायचं ते लिहून ठेवते. पाण्यात उभा ओंडका किंवा विजेचा जुना खांब असेल तर त्यावर कैकर (ऑस्प्रे) शोधा. खालून पांढरा, डोळ्यावरून काळा पट्टा. पाय पुढे करून पाण्यात झेप घेतो. मासा उचलल्यावर त्याचं तोंड पुढे वळवून धरतो म्हणजे हवेचा अडथळा कमी. लांबून तो टॉर्पेडो घेऊन निघालेल्या विमानासारखा दिसतो.

बदकांत थापट्या (फावड्यासारखी चोच), तलवार बदक (लांब टोकदार शेपूट), चक्रवाक (विटकरी-केशरी, जोडीने), हळदीकुंकू (चोचीच्या टोकाला पिवळं, मुळाशी लाल). काळं अंग, पांढरं कपाळ, तो वारकरी. चित्रबलाक आणि चमचा बहुतेक वेळा दिसतात. जागच्या जागी पंख फडफडवत थांबून सूर मारतो तो बंड्या, काळा-पांढरा. खंड्या तसं तरंगत नाही.

चिखलातल्या छोट्या तपकिरी पक्ष्यांना बघून नवखे हात टेकतात. पाय बघा. लिटल स्टिंटचे काळे, टेमिंक्सचे पिवळट. पाठीवर ठिपके आणि भुवई ठळक, तर वुड सँडपायपर. गडद पाठ आणि उडताना ढुंगणावर लख्ख पांढरं, तर ग्रीन. सतत बूड हलवतो आणि खांद्यापुढे पांढरी पाचर वर चढलेली, तर कॉमन. सुईसारखी बारीक सरळ चोच मार्श सँडपायपरची, जाडसर आणि किंचित वर वळलेली ग्रीनशँकची. बाकीचं पहिल्या फेरीला सोडून द्या.

सायंकाळ | १५ ऑक्टोबर, रात्री ८:२०
चित्रबलाक म्हणजेच रंगीत करकोचा ना? दर पुस्तकात वेगळं नाव असतं, म्हणून विचारलं.

कापशी | १५ ऑक्टोबर, रात्री ८:२६
तोच. होडीवाले आणखी तिसरं नाव सांगतील. ते वहीत लिहून घ्या, ते कुठेच छापलेलं नसतं.

माळावरचा | १५ ऑक्टोबर, रात्री ९:३०
आता माळ. कडबनवाडीला भिगवणहून तासाभरात पोचाल. वन विभागाची गवताळ प्रदेशाची सफारी आहे, कडबनवाडी आणि बारामतीकडे शिर्सुफळ, बुकिंग ऑनलाइन, बरोबर गाइड. तीच घ्या. आपली गाडी माळावर हवी तशी घालू नका. धाविक (कोर्सर), टिटव्या, चंडोल हे सगळे जमिनीवर अंडी घालणारे, आणि चाकोरी सोडली की पाच फुटांवरचं घरटंही दिसत नाही. चारा जळतो तो वेगळा: वाळलेल्या गवतावर गरम सायलेन्सर नेऊ नका.

वेळ एक तर सूर्योदयापासून नऊ, नाहीतर चारनंतर. दुपारी हवा थरथरते आणि दुर्बिणीत सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसतं. जमिनीलगत संथ, पंख इंग्रजी व्ही सारखे वर धरून तरंगणारा तो भोवत्या. राखी नरांत पंखावर काळी आडवी रेघ असेल तर माँटेग्यूचा. रेघ नसेल आणि पंखाच्या टोकाला काळी निमुळती पाचर असेल तर पॅलिड. माद्या लांबून सांगता येत नाहीत, 'भोवत्या मादी' लिहा आणि पुढे चला. संध्याकाळी ते गवतात एकत्र मुक्कामाला उतरतात. लांबून बघा, त्या जागेत शिरू नका.

सकाळी पखुर्ड्या (सँडग्राउज) पाण्यावर येतात, आधी आवाज ऐका. धाविक चार पावलं पळतो, ताठ थांबतो, परत पळतो. मातीच्या रंगाचा असल्यामुळे थांबला की गायब. चिंकारा, कोल्हा दिसेल, नशीब असेल तर लांडगा. लांडग्याची पिल्लं याच थंडीत असतात. बीळ दिसलं तर गाडी न थांबवता पुढे जा, आणि जागेचं लोकेशन कुठेही टाकू नका. एका फोटोमागे शनिवारी पंधरा गाड्या येतात, मग मादी पिल्लं उचलून हलवते.

गणतीवाली | १६ ऑक्टोबर, सकाळी ७:१५
ई-बर्डवर (पक्षी नोंदींची वेबसाइट) नोंद टाकणार असाल तर होडीची यादी वेगळी, काठाची वेगळी, माळाची वेगळी. दोन दिवसांची एकच यादी करू नका, तिचा कोणाला उपयोग नाही. वेळ आणि अंतर टाका. थवा मोजताना आधी दहा पक्षी नीट मोजा, ते डोळ्यांत किती जागा घेतात ते बघा, मग तो ठोकळा थव्यावर ठेवत जा. हजाराच्या पुढे गेलं की शंभराचा ठोकळा. दोघांनी वेगवेगळं मोजा आणि नंतर ताडा. नवखे जवळजवळ नेहमी कमी मोजतात. आकड्याऐवजी नुसती फुली टाकण्यापेक्षा अंदाज बरा.

पट्टकादंबाच्या मानेत रंगीत पट्टी दिसली तर रंग, त्यावरची अक्षरं-आकडे आणि ती वरून खाली वाचली की खालून वर, हे लिहा. फोटो काढून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा. ते दिवसा पाण्याजवळ बसलेले असतात, चरायला पहाटे आणि संध्याकाळी हरभऱ्याच्या-गव्हाच्या शेतात जातात. शेतकऱ्याला त्याचा त्रासच असतो, तेव्हा बांधावरूनच बघा आणि आधी विचारा.

चहा_बिस्कीट | ९ जानेवारी, रात्री ९:१०
नोव्हेंबरात माळ करून आलो, आता पाण्याचं. टक्केवारी उतरायला लागलीय, महिन्याचा शेवटचा शनिवार-रविवार पक्का. बेत असा: शुक्रवारी रात्री कुंभारगाव. शनिवारी सव्वासहाला दोन होड्या, दुपारी आराम, चारनंतर काठावर. रविवारी डिकसळ, येताना कवडीपाटला (पुण्याजवळचा मुळा-मुठेवरचा बंधारा) तासभर. एकाकडे ड्रोन आहे, थव्याचं वरून चित्रण करायचं म्हणतोय. काठावर चिखलातून चालायला गमबूट घेतलेत. काही राहिलं का?

भीमाकाठ | ९ जानेवारी, रात्री ९:५५
सव्वासहाला अंधार असतो, सूर्य सातनंतर. पावणेसातला घाटावर या, तेवढं पुरे. धुकं दाट असेल तर होडीवाला आठपर्यंत थांबवेल, घाई करू नका. ड्रोन घरी. परवानगीचा प्रश्न आहेच, शिवाय वरून काही आलं की थव्याला ते गरुडच वाटतं.

गमबूट घेऊन चिखलात जाऊ नका. वर वाळलेला पापुद्रा असतो, तडे गेलेला, घट्ट दिसतो. चार पावलांवर गुडघाभर गाळ, आणि बूट तिथेच राहतो. पाय ओढून काढताना माणूस आडवा होतो. जाळी वाळत घातलेल्या वाटेनेच पाण्याकडे जा, मच्छीमार जिथून जातात तिथलीच जमीन धरते. वेड्या बाभळीचे काटे चपलेतून आरपार जातात, जाड तळाचे बूट घाला आणि गाडी त्या झुडपांत वळवू नका, पंक्चर ठरलेलं.

कापशी | ९ जानेवारी, रात्री १०:१०
कवडीपाट रविवारी परतताना केलंत तर संध्याकाळ होईल, तिथे सकाळ बरी. संध्याकाळी जायचंच असेल तर साडेचारच्या आत पोचा. बंधाऱ्याच्या दगडांवर धोबी (वॅगटेल), शेकाट्या (स्टिल्ट), चक्रवाक अगदी जवळून दिसतात. पाण्याला वास असतो, फेस असतो, कचरा असतो. डबा तिथे उघडू नका.

रस्सा_भाकरी | ९ जानेवारी, रात्री १०:३२
होडीत थंडी भरपूर वाजते, काठावर वाटते त्याच्या दुप्पट. कानटोपी आणि पातळ हातमोजे, लाल-पांढरे सोडून. चहा थर्मासमध्ये, कागदी कप नकोत, वाऱ्याने थेट पाण्यात जातात. आणि चिलापी शुक्रवारी रात्रीच सांगून ठेवा, रविवारी बाजाराला गेलेली असते.

चहा_बिस्कीट | ९ जानेवारी, रात्री १०:४०
ड्रोन आणि गमबूट यादीतून काढले. स्टीलचे कप घेतो. दोन्ही होड्या पावणेसातला सांगितल्यात.